लांबच्याची वाट

जुन्नर-आंबेगावात दिवेलागण झाली की मुलं घरात घेतली जातात. अभ्यासासाठी नव्हे, बिबट्यासाठी. धरणांचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या असा रुळला की आता त्याची पिल्लंही उसातच जन्मतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, गावोगाव पिंजरे लागतात, शाळेत सूचना दिल्या जातात: एकटं फिरू नका, शेतात वाकून बसू नका, अंधारात बोलत-वाजत चाला. त्यामुळे अंगणातला क्रिकेटचा डाव अर्धा टाकून पोरं दाराआड जातात आणि सात-सव्वासातला नारायणगावातल्या माझ्या माडीवरच्या खोलीत, एका काळ्या पडद्यावर, एकेक नाव उमटायला लागतं. अमका आला. तमकी आली. अर्धा राहिलेला डाव असा दुसरीकडे चालू होतो.

ही खोली दिवसा माझं ऑफिस असते. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या कंपनीचं काम घेऊन गावी आलो आणि परत गेलो नाही. टेबल, खुर्ची, दोन पडदे, भिंतीवर कॅलेंडर. टेबलाखाली एक जुना संगणक आहे. त्यात जास्तीची मेमरी घालून भाच्याच्या हट्टापायी माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा केला. साठेक वॅट खातो, म्हणजे चोवीस तासांत दीड युनिटच्या आतच. भाचा पुढं कॉलेजला गेला, त्याचा खेळ सुटला. सर्व्हर मात्र राहिला, कारण तोवर त्याच्यावर बाकीच्यांची घरं झाली होती. आई त्या सगळ्यांना मिळून 'तुझे पाहुणे' म्हणते. रात्री जिन्याखालून विचारते, "पाहुण्यांचं आवरलं का? मग तू जेवायला कधी येणार?"

माइनक्राफ्ट ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ते ठोकळ्यांचं जग आहे. माती खणायची, दगड फोडायचा, त्याचंच काहीतरी रचायचं. एकट्यानं खेळलात तर ते जग तुमच्या यंत्रात मावतं. पण दहा जणांना एकाच जगात शिरायचं असेल तर ते जग कुठंतरी एका जागी ठेवावं लागतं आणि कुणीतरी ते सतत जागं ठेवावं लागतं. सर्व्हरवाल्याचं काम एवढंच. खेळाडूंमध्ये त्याची गणना नसते.

हे काम नवं नाही. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा निव्वळ शब्दांनी खेळायचा खेळ रचला. एकाच वेळी अनेकांनी एका कल्पित जगात वावरायचं, अशा खेळांचा तो मूळपुरुष. पुढं बाहेरची माणसंही त्यात आली, पण त्यांना शिरकाव मिळे तो रात्री, विद्यापीठाचं यंत्र कामातून मोकळं झाल्यावर. शेतीची वीज रात्रपाळीला मिळते त्या गावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझ्याकडे येणारे कोण? ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगावची मुलं. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातली दोघं-तिघं, तिकडं आहुपे आणि नाणेघाटाच्या बाजूला. मग घाटकोपरची आणि भोसरीची, ज्यांचे आईवडील इथून कामाला गेले. एक मुलगी दुबईची, मूळची ओतूरची. घरात संगणक थोड्यांकडेच. बाकीचे मोबाइलवरून येतात. मोबाइलवरचा माइनक्राफ्ट आणि संगणकावरचा माइनक्राफ्ट एकमेकांची भाषा बोलत नाहीत, म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. त्या प्रोग्रॅमचं नाव 'गीझर'. तो बंद पडला की पोरांचा ग्रुपवर मेसेज येतो, "दादा, गीझर चालू करा," आणि भोसरीच्या एका आईला वाटलं होतं की मुलगा माझ्याकडे अंघोळीला येतो की काय.

घरून सर्व्हर चालवण्यातल्या अडचणी फार सांगत बसत नाही. घरगुती इंटरनेटला बहुतेकदा स्वतःचा जाहीर पत्ता नसतो. एकच पत्ता कंपनी अनेक घरांत मिळून वापरते. आतून बाहेर जाणं सुरळीत, पण बाहेरच्यानं नेमकं आपल्याच घरात शिरणं अशक्य. मग जास्तीचे पैसे भरून कायमचा पत्ता घ्यायचा. लाईट हा दुसरा विषय. पावसाळ्याच्या तोंडावर वळवाची एक सर आली तरी लाईट जाते. इन्व्हर्टर उचलून धरतो, पण तो उचलायच्या आधीच्या अर्ध्या क्षणात संगणक बंद पडू नये म्हणून वेगळा यूपीएस. आणि गावाला वीज देणारी डीपीच जळाली तर मग दोन दिवस पोरांचे फोन: "दादा, लाईट कधी येणार तुमच्याकडं?" जणू डीपी मीच बांधतो.

खरी अडचण वेगळीच होती. तिची सुरुवात भांडणातून झाली.

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सगळ्या जगाचा हिशेब करतो. म्हणजे पन्नास मिलिसेकंदाला एक ठोका. कोण कुठं उभा, कुणी कुणावर तलवार उगारली, कुठला ठोकळा फुटला, हे सगळं त्या ठोक्याला ठरतं. ठरलेलं सगळ्यांना कळवलं जातं. पण कळवलेलं पोचायला वेळ लागतो आणि खेळाडूनं केलेलं माझ्यापर्यंत यायलाही वेळ लागतो. त्या जाण्या-येण्याच्या वेळाला पिंग म्हणतात. मंचरच्या एका मुलानं आणि डोंगरपट्ट्यातल्या एका मुलानं एकमेकांवर वार केले. मंचरचा म्हणाला, मी आधी मारलं. दुसरा म्हणाला, मी आधी मारलं, तो तर तेव्हा दुसरीकडं बघत होता. दोघांनी आपापल्या पडद्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. दोन्ही खरी होती. मंचरच्या घरी फायबर होतं, त्याचा वार वीस-पंचवीस मिलिसेकंदांत आला. दुसरा मोबाइलच्या दोन काड्यांवर, घराच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं उभा राहून खेळत होता. त्याचा वार यायला कधी शंभर, कधी तीनशे. त्याच्या पडद्यावर त्यानं आधी मारलेलं होतं. सर्व्हरच्या लेखी तो मेलेला होता.

सर्व्हर म्हणेल ते खरं, हा या खेळांचा पहिला कायदा. त्याशिवाय खेळ चालायचाच नाही. पण त्या दिवसापासून मी भांडणांची नोंद पाहू लागलो, तर हरणारी नावं तीच ती होती. पुणे-नाशिक रस्त्याच्या जवळची जिंकत होती. रस्त्यापासून जितकं पश्चिमेला जावं, तितकी हार वाढत होती. आमच्या दोन्ही तालुक्यांत शाळा, दवाखाना, एसटी, डांबर हे सगळं ज्या क्रमानं डोंगराकडे सरकलं, नेमक्या त्याच क्रमानं पोरं एका ठोकळ्यांच्या खेळात मरत होती. खेळात कुणीही लबाडी केली नव्हती. सर्व्हर सगळ्यांना सारखंच वागवत होता, आणि त्या सारखेपणातच हा निकाल दडलेला होता.

या गोष्टीवर विचार करायला जुन्नर तालुक्याइतकी चांगली जागा क्वचितच असेल. नारायणगावच्या जवळ आर्वी आहे. १९७१ मध्ये तिथं देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. पुढं विक्रम साराभाईंच्या नावानं ते विक्रम भूकेंद्र म्हणून ओळखलं गेलं. सुमारे तीस मीटर व्यासाची थाळी आकाशाकडं तोंड करून उभी राहिली आणि परदेशातले फोन आमच्या शिवारातून जाऊ-येऊ लागले. तो उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंच. आवाज वर जायचा, खाली यायचा: बहात्तर हजार किलोमीटर, म्हणजे पाव सेकंद. उत्तर परत यायला आणखी पाव. त्या काळात परदेशी बोललेली माणसं सांगतात की, आपण बोलून झाल्यावर क्षणभर गप्प बसायचं, नाहीतर दोघांची वाक्यं एकमेकांवर आपटायची. आजच्या पोरांच्या हिशेबात ते पाचशेचं पिंग. पण तेव्हाच्या माणसांनी त्याच्यावर इलाज शोधला होता. समोरचा लांब आहे हे लक्षात ठेवून बोलायचं.

दुसरी जागा खोडद. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीला आमच्याकडची प्रत्येक शाळा एकदा तरी जाऊन येते; २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं आणि गर्दी लोटते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीनं उभारलेल्या या तीस थाळ्या, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या. चौदा थाळ्या मध्यभागी एकमेकींजवळ, उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत पंचवीस किलोमीटर. विद्युतचुंबकीय गोंगाट कमी असलेला, डोंगरांच्या आडोशाचा मुलूख म्हणून ही जागा निवडली गेली. आमच्या घरात फायबर यायच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, कांद्याच्या आणि द्राक्षांच्या वावरांखालून त्या थाळ्यांकडे फायबर गेलेलं होतं.

लहानपणी मला वाटायचं, मोठी दुर्बीण म्हणजे लांबचं दिसणारं यंत्र. तिथल्या एका मार्गदर्शकानं प्रदर्शनात जे सांगितलं ते माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. आकाशातून येणारी एकच लहर सगळ्या थाळ्यांवर एकाच वेळी पडत नाही. एकीवर आधी, दुसरीवर मागाहून. शिवाय जवळच्या थाळीचा सिग्नल मधल्या इमारतीत लगेच पोचतो, चौदा किलोमीटरवरच्या थाळीला फायबरमधून यायला सत्तरेक मायक्रोसेकंद जास्त लागतात. आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे हे फरकही सतत बदलत राहतात. तीस थाळ्यांच्या जोड्या होतात चारशे पस्तीस. प्रत्येक जोडीचे सिग्नल नेमके एकाच लहरीचे असल्याशिवाय चित्र उमटत नाही. तेव्हा करायचं काय? लांबच्या सिग्नलला घाई करता येत नाही. प्रकाशाच्या वेगापुढं कुणाचं चालत नाही. म्हणून जवळच्याला थांबवतात. आधी पोचलेला सिग्नल स्मृतीत धरून ठेवायचा आणि शेवटचा आला की सगळे मिळून पुढं सोडायचे.

खेळांच्या जगातही लोक याच ठिकाणी येऊन पोचले. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या गोळीबाराच्या खेळांसाठी व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये एक पद्धत मांडली. सर्व्हरनं गेल्या काही क्षणांतल्या सगळ्यांच्या जागा लक्षात ठेवायच्या. लांबच्याची गोळी आली की त्याला किती उशीर होतो हे बघून जग तेवढं मागं न्यायचं आणि त्यानं पाहिलं तेव्हा समोरचा खरंच तिथं होता का, हे तपासून निकाल द्यायचा. यात जवळच्याचं नुकसान होतं. तो भिंतीआड पोचलेला असतो आणि तरीही त्याला गोळी लागते. तो चिडतो, आणि त्याच्या पडद्यापुरतं त्याचं चिडणं बरोबर असतं. पण हा भार कुणावर तरी पडणारच आहे. पूर्वी तो मुकाट्यानं लांबच्यावर पडत होता, एवढाच फरक.

माइनक्राफ्टच्या लढाईत अशी सोय मुळात नाही, आणि ती बसवण्याइतका मी हुशार नाही. मग मी नियमच बदलले. लढाई बंद केली. 'पहिला येईल त्याला' अशी बक्षिसं बंद केली. खजिना शोधायचा असेल तर आठवडाभर मुदत, म्हणजे ज्याला रात्री दहानंतरच रेंज मिळते त्यालाही वेळ मिळावा. दुबईचं घड्याळ दीड तास मागं, म्हणून मोठी कामं शनिवारी दुपारी. जवळच्यांनी आरडाओरडा केला. आमचा फायबर आहे यात आमची काय चूक, असं मंचरच्या मुलानं विचारलं. काहीच चूक नाही, मी म्हणालो, म्हणून तर शिक्षा नाही, फक्त थांबायचं आहे. काही मुलं सोडून गेली. राहिली ती बांधायला लागली.

बांधकामाला उशिराचं काही वाटत नाही. ठोकळा शंभर मिलिसेकंदांत लागला काय नि तीनशेत लागला काय, भिंत तेवढीच उभी राहते. शिवनेरी तर सगळ्यांनी मिळून बांधलाच, तो न बांधून जुन्नरकरांना चैन पडत नाही. पण माझ्या दृष्टीनं मोठं काम झालं ते दुसरंच.

आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते गाव जमिनीवर नाही. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव. जलाशयाला या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की जुन्या देवळांचे दगड वर येतात आणि लोक बघायला जातात. घाटकोपरच्या एका मुलाचे आजोबा त्या गावचे. नातू सुट्टीत घोडेगावला आला असताना आजोबांनी त्याचा पडदा पाहिला आणि विचारलं, यात आपलं गाव मांडता येतं का रे? मग काही महिने संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून हे काम चाललं. आजोबा सांगायचे, देवळापासून नदी किती पावलं, बाजारात पहिलं दुकान कुणाचं, ओट्यावर ऊन कुठल्या वेळी यायचं. नातू ठोकळे लावायचा. बाकीची पोरं लाकूड आणि दगड आणून द्यायची.

एक दिवस अडलं. गावच्या दुसऱ्या एका आजी कुणाच्या तरी फोनवर आल्या नि म्हणाल्या, विहीर या अंगाला नव्हती, त्या अंगाला होती. आजोबा म्हणाले, मी त्या विहिरीत पोहायला शिकलो, मला सांगते? प्रकरण माझ्याकडे आलं, कारण सर्व्हर म्हणेल ते खरं. आणि मी निकाल दिला नाही. दोन्ही जागी विहीर ठेवली. कुणी तिसरं माणूस येईल, जुना नकाशा सापडेल, एखाद्या मे महिन्यात पाणी उतरेल. तोवर दोन्ही विहिरींत पाणी आहे. त्या जगाची नक्कल रोज पहाटे दुसऱ्या डिस्कवर उतरवली जाते. तेवढी खबरदारी त्या गावासाठी याआधी कुणी घेतली नव्हती.

वर्षातून एकदा मात्र सर्व्हर ओस पडतो. चैत्रात आमच्याकडं यात्रा सुरू होतात. मुंबईचे डबेवाले वर्षातून एकदा यात्रेसाठी चार-पाच दिवस काम बंद ठेवतात हे मुंबईच्या ऑफिसांना ठाऊक असतं. ते डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. तमाशाच्या फडांच्या राहुट्या त्याआधीच नारायणगावात लागलेल्या असतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन तारखा पक्क्या करून जातात. घाटकोपर, भोसरी सगळी गावाकडं येते. पोरं पालखीत असतात, कुस्त्यांच्या आखाड्याभोवती असतात, रात्री कनातीच्या फटीतून डोकावत असतात. काळ्या पडद्यावर एकही नाव उमटत नाही, आणि एकमेकांना फक्त नावानं ओळखणारी पोरं पाळण्याच्या रांगेत भेटतात. तिथं कुणाला पिंग नसतं. गेल्या यात्रेत मंचरचा आणि डोंगरातला भेटले. मंचरच्यानं त्याला आईस्क्रीम दिलं आणि म्हणाला, आता मार.

या जूनमध्ये मी सर्व्हर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या यंत्रावर हलवतो आहे. हिशेब सरळ आहे. नारायणगाव आणि मंचर रस्त्यानं जवळ असले तरी दोन घरांत दोन कंपन्यांचं इंटरनेट असेल तर माहिती बहुतेकदा आधी मुंबईला जाते, तिथं एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात शिरते आणि मग परत घाट चढून येते. म्हणजे माझ्या माडीवर यायला जवळपास प्रत्येकाला मुंबईवरून यावं लागतं. यंत्रच तिथं ठेवलं तर परतीचा घाट वाचतो. घाटकोपरच्यांचं पिंग चार-पाचवर येईल, दुबईचं उतरेल, डोंगरातल्यांचंही थोडं कमी होईल. डीपी जळाली तरी खेळ थांबणार नाही.

वाढेल फक्त एकाचं. इतकी वर्षं माझा स्वतःचा वार सर्व्हरला पोचायला वेळच लागत नव्हता. यंत्र पायाशी, मधे दोन हात वायर. सगळ्यांना थांबायला सांगणारा माणूस स्वतः शून्यावर बसून सांगत होता. रस्त्याजवळच्यांना मी जे ऐकवलं ते मला ऐकवायला कुणी नव्हतं, कारण माझ्याहून जवळ कुणी नव्हतंच. आता मीही इतरांसारखा घाट उतरून तिथं जाईन आणि नियम करताना निदान उशीर म्हणजे काय ते मला माझ्याच पडद्यावर दिसेल. पोरांना ग्रुपवर हे कळवलं तेव्हा सगळ्यात आधी उत्तर आलं ते डोंगरातल्या मुलाचं, बहुधा त्याला तेव्हा रेंज होती: "दादा, मग आता लढाई परत चालू करायची का?"

त्यावर मतदान ठेवलं आहे. मुदत आठवडाभर.